रिझोल्यूशन निवडताना या चुका टाळा : चित्रीकरण, प्रक्षेपण आणि जतन

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखाद्या हौशी संस्थेचा प्रयोग चित्रित करायचा ठरला, की संस्थेचा पहिला प्रश्न ‘फोर-के आहे ना?’ असाच असतो. हा व्हिडिओ शेवटी कोठे दाखवला जाणार आणि किती वर्षे सांभाळला जाणार, हे प्रश्न मात्र बहुधा एडिटिंग संपत आल्यावर निघतात. खरे तर रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेलची संख्या) त्याच उत्तरांवरून ठरवायला हवे.

फोर-के म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेल, म्हणजेच १९२०×१०८० च्या फुल एचडीच्या चौपट. अंतिम व्हिडिओ एचडीत द्यायचा असला तरी चित्रीकरण फोर-केमध्ये करण्यात अर्थ असतो, कारण एकाच कॅमेऱ्याने पूर्ण रंगमंच टिपून नंतर त्यातील पात्र दुपटीपर्यंत जवळ आणता येते. त्याहून जवळ गेल्यास चित्र मऊ पडते. उभ्या रील काढायच्या असतील तर फरक आणखी जाणवतो, कारण आडव्या एचडी चित्रातून उभा तुकडा कापला की रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात, तर फोर-केमधून १०८०×१९२० चे पूर्ण चित्र मिळते.

पण केवळ पिक्सेल मोजणे ही चूक आहे. बिटरेट (दर सेकंदाला नोंदली जाणारी माहिती) तोकडा असेल, तर मंद प्रकाशातील प्रवेशात काळ्या पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. शिवाय अंधारात वाढलेला नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) उरलासुरला बिटरेट खातो. अशा कॅमेऱ्यावर उत्तम बिटरेटची एचडी कमकुवत फोर-केपेक्षा सरस ठरते, हे माझे ठाम मत आहे. त्यामुळे प्रयोगाआधी त्याच नाट्यगृहातील प्रकाशात पाच मिनिटांची चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर पाहावी. साठवणुकीचा हिशेबही तेव्हाच करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते.

प्रक्षेपणासाठी द्यायच्या फुटेजमध्ये सर्वाधिक घोटाळा रिझोल्यूशनचा नव्हे, तर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) घेतली जातात याचा, होतो. आपल्याकडील वाहिन्या सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्डच्या (एक आड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांच्या) पद्धतीवर चालतात. एचडी वाहिनी साधारणपणे १०८० ओळींची, ५० फील्डची इंटरलेस्ड, म्हणजे अशी अर्धी चित्रे आलटून पालटून दाखवणारी, असते. मोबाइल मात्र बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो. त्याचे २५ करताना सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम गाळते आणि दहीहंडीच्या थरांवरून सरकणारा कॅमेरा मध्येच अडखळल्यासारखा दिसतो. एडिटिंगमध्ये हे नीट दुरुस्त होत नाही, म्हणून चित्रीकरणाआधीच २५ किंवा ५० निवडावे. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले, तर ५० हर्ट्झच्या विजेवरील दिव्यांची फडफडही बहुतेक वेळा टळते. वाहिनीकडून तांत्रिक तपशील लेखी मागून घ्यावा; नकार आल्यावर फाइल बदलत बसण्यापेक्षा ते सोपे असते.

हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील, तर इंटरलेस्ड चित्र प्रोग्रेसिव्ह (सर्व ओळी एकदम असलेले) समजून वापरले गेले आहे. हालचाल मागे-पुढे थरथरत असेल, तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे: पाल या आपल्याकडील जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्ही (डिजिटल टेप) फुटेजमध्ये खालचे फील्ड आधी येते, तर एचडीत वरचे. चेहरे फुगलेले दिसत असतील, तर ४:३ चे जुने चित्र १६:९ मध्ये ताणले गेले आहे. एचडीच्या चौकटीत त्याची योग्य जागा १४४०×१०८० इतकीच असते. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात.

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका जतनाच्या कामात होतात, कारण त्या लक्षात येईपर्यंत मूळ कॅसेट उरलेली नसते. खाडीकाठच्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीवर बुरशी चढते आणि अशी कॅसेट न तपासता व्हीसीआरमध्ये घातली, तर फीत वाचणारे हेडही खराब होते. आधी फीत स्वच्छ करून घ्यावी. त्यानंतर ‘फोर-केमध्ये करून देतो’ या आश्वासनाला भुलू नये. पाल व्हीएचएसचे डिजिटायझेशन ७२०×५७६ मध्ये, इंटरलेस्ड स्वरूप जसेच्या तसे ठेवून करावे. आकार वाढवल्याने मुळात नसलेला तपशील येत नाही आणि एकदा चुकीच्या पद्धतीने डीइंटरलेस झालेले (फील्ड जोडून पूर्ण फ्रेम केलेले) चित्र पूर्ववत करता येत नाही. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर फायरवायर या डिजिटल केबलनेच उतरवावी, कारण त्यात टेपवरील डिजिटल माहितीच फाइलमध्ये येते. तासाला साधारण १३ जीबी पुरतात.

व्हीएचएसच्या मूळ प्रतीसाठी एफएफव्ही१ हा खुला, तपशील न गमावणारा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) चांगला आहे. आठ बिटांचे, ४:२:२ चे (रंगाचा तपशील निम्मा ठेवणारे) असंपीडित एसडी (७२०×५७६) चित्र तासाला सुमारे ७५ जीबी घेते. एफएफव्ही१ त्याहून बरीच कमी जागा घेतो. घरच्यांना पाहण्यासाठी एच.२६४ या दाबून साठवणाऱ्या कोडेकची छोटी प्रत वेगळी काढावी, पण तीच मूळ प्रत मानून कॅसेट भंगारात देऊ नये. डिजिटायझेशन बाहेरून करून घेत असल्यास दोन्ही फाइली मागाव्यात, मूळ फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावी आणि तिच्या प्रती किमान दोन डिस्कवर, त्यांतील एक दुसऱ्या घरी, पोहोचल्यावरच कॅसेटचे काय करायचे ते ठरवावे.