डाव्या पिळाचा डीएनए: फोटो फ्लिप केला म्हणून झेड-डीएनए होत नाही, या चुका टाळा

क्लासचे बॅनर, मासिकांची कव्हर्स, लोगो... नीट बघितलं तर त्यातले कितीतरी डीएनए उलट्या पिळाचे सापडतात. काढणाऱ्याला झेड-डीएनए (डीएनएचा डाव्या पिळाचा प्रकार) दाखवायचा नसतोच, चित्र बॅनरच्या दुसऱ्या बाजूला हवं होतं म्हणून त्याने फ्लिप हॉरिझॉन्टल मारलेलं असतं. मीही एमएस्सीच्या सेमिनारला हेच केलं होतं आणि चित्राखाली लिहिलं होतं बी-डीएनए, म्हणजे नेहमीचा उजव्या पिळाचा, जाऊ दे.

पीळ ओळखायला सोपं आहे. हेलिक्स उभा धरा आणि फक्त तुमच्या बाजूची, म्हणजे पुढून जाणारी पट्टी बघा. ती खाली डावीकडून वर उजवीकडे चढत असेल तर उजवा पीळ, उलट चढत असेल तर डावा. बरेच जण चित्र उलटं, डोकं खाली करून बघतात आणि म्हणतात आता सुधारलं, पण तसं काही होत नाही, बोल्ट उलटा धरला म्हणून त्याचे आटे बदलतात का? फक्त आरशात बदलतात. अजून एक गंमत, झेड या अक्षराची मधली तिरकी रेघ उजव्या पिळाच्या दिशेने जाते, त्यामुळे नावावरून पीळ पाठ करायला जाऊ नका. झेड आलाय तो झिगझॅगवरून.

आता सगळ्यात मोठी चूक. बी-डीएनए आरशात बघितला की झेड-डीएनए, असं खूप जणांना वाटतं (नेटच्या नोट्समध्येही वाचलंय). आरशातल्या डीएनएची साखरसुद्धा आरशातली, म्हणजे एल-डिऑक्सिरायबोज असणार. असा एल-डीएनए लॅबमध्ये बनवतात, तो बी सारखाच गुळगुळीत असतो, फक्त पीळ डावा, आणि नेहमीचे न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम्स) त्याला फारसं तोडू शकत नाहीत. झेड-डीएनएमध्ये साखर आपली नेहमीचीच, डी वाली, आणि तरी पीळ डावा, मग ते जमतं कसं? तर ग्वानिन (जी) हा बेस साखरेभोवती फिरून सिन अवस्थेत, म्हणजे साखरेच्या वर जातो, सायटोसिन (सी) नेहमीसारखा अँटीच, म्हणजे साखरेपासून बाहेर वळलेला राहतो पण त्याची साखरही सोबत वळते, आणि असं एकाआड एक झालं की फॉस्फेटचा कणा वाकडातिकडा होतो. म्हणून इथे रिपीट होणारं युनिट बेसची एक जोडी नसून दोन जोड्यांचं आहे. एका वेढ्यात १२ जोड्या (बी मध्ये साधारण १०.५), जाडी २० ऐवजी १८ अँगस्ट्रॉम, मायनर ग्रूव्ह (दोन कण्यांमधली लहान खाच) अरुंद आणि खोल, मेजर ग्रूव्ह (मोठी खाच) जवळजवळ भरून सपाट झालेली.

परीक्षेतल्या चुका पटकन: झेड-डीएनएमध्येही दोन्ही साखळ्या अँटीपॅरललच (एकमेकींच्या उलट दिशेने) असतात, वॉटसन-क्रिक जोड्या (ए-टी, जी-सी) त्याच, आणि ए-डीएनए (डीएनएचा आणखी एक प्रकार) डावा नाही, उजवाच आहे, ११ जोड्यांचा.

लॅबमध्ये बी-डीएनएचा झेड करताना सीडी स्पेक्ट्रम (सर्क्युलर डायक्रोइझम, गोल ध्रुवीकृत प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारी चाचणी) उलटत नसेल तर आधी सिक्वेन्स बघा, सीजीसीजी असं आलटूनपालटून हवं, एका साखळीत नुसते जी आणि दुसरीत नुसते सी असतील तर होणार नाही. मग मीठ. पोल आणि जोविननी १९७२ मध्ये हे बघितलं तेव्हा सोडियम क्लोराइड मोलरमध्ये लागलं होतं, ४ मोलरला बदल पूर्ण दिसतो, तुमचा नेहमीचा बफर काय करणार! सायटोसिन मिथाइल केलेला असेल तर बरंच कमी पुरतं. २९० नॅनोमीटरच्या आसपास निगेटिव्ह आणि २६० जवळ पॉझिटिव्ह दिसलं तर गाडी बरोबर चाललीय, पण नुसत्या सीडीवरून पीळ डावा असं ठोकून देऊ नका, तो पक्का दिसला तो १९७९ ला, एमआयटीत अलेक्झांडर रिच यांच्या ग्रुपने काढलेल्या सहा जोड्यांच्या क्रिस्टलमध्ये.

पेशीत एवढं मीठ नाही म्हणून झेड-डीएनए खोटा, हेही चूक. आरएनए पॉलिमरेज पुढे सरकताना मागे निगेटिव्ह सुपरकॉइलिंग (पीळ सैल करणारा ताण) होतं, तो ताण पुरतो, आणि एडार१ सारख्या प्रोटीनमध्ये झेड ओळखून धरणारा भागच आहे.

आणि स्ट्रॉचं मॉडेल करताना उजवा आणि डावा तुकडा जोडताच येत नाही अशी तक्रार असते, तर तिथली एक जोडी तोडा आणि तिचे दोन्ही बेस बाहेर लटकू द्या. २००५ च्या क्रिस्टलमध्ये ते जंक्शन अगदी तसंच दिसलं होतं.