कॉलेजच्या ई-स्पोर्ट्स टीमचं कोचिंग: सातारा-सांगलीतल्या नव्या कोचसाठी

ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम. त्यांचा कोच व्हायला टीममधला सगळ्यात तरबेज खेळाडू असावं लागत नाही. तरबेज माणसाला समोर चूक दिसली की फोन स्वतःच्या हातात घ्यावासा वाटतो, आणि पोरं शिकायची राहतात. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून पाय कुठे पडतोय ते बघतो. तेच काम इथे करायचं आहे.

सुरुवात बीजीएमआयने (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) करा. फोनवरच्या या गेममध्ये टीम नकाशावर उतरतात, शस्त्रं गोळा करतात आणि शेवटपर्यंत टिकणारी टीम जिंकते. व्हॅलोरंट या पीसीवरच्या नेमबाजीच्या गेमला पाच चांगले पीसी लागतात आणि कॉलेजची लॅब त्यासाठी सहसा मिळत नाही. बीजीएमआयला चार खेळाडू आणि एक-दोन राखीव पुरतात, फोन प्रत्येकाकडे असतोच. निवड करताना सहा मॅच खेळवा आणि दर मॅचला जोड्या बदला. किल (मारलेले शत्रू) मोजाच, पण नॉक झालेला, म्हणजे गेममध्ये जखमी होऊन पडलेला, मुलगा काय करतो ते जास्त नीट बघा. शत्रू कुठे आहे, किती जण आहेत हे शांतपणे सांगणारा आपल्या कामाचा. शिव्या घालणारा कितीही किल करत असला तरी महिन्याभरात टीम फोडतो. मुली टीममध्ये याव्यात, टिकाव्यात असं वाटत असेल तर व्हॉइस चॅटवरच्या भाषेचा नियम पहिल्याच दिवशी सांगा: घाणेरडं बोलणारा त्या दिवशी बाहेर बसणार, मग तो कुणीही असो.

जिमखान्याला अर्ज देताना सरावाच्या वेळा, मुलांची नावं आणि जबाबदार प्राध्यापकांचं नाव लिहा. ‘हा जुगार नव्हे ना?’ हा प्रश्न येणारच. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून मान्यता दिली, आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले, हे अर्जातच मांडा. पालकांनाही हेच सांगा आणि एखाद्या सरावाला बोलवा. घरी नुसती फोनला चिकटलेली मान दिसते. इथे पोरगं चौघांशी बोलून निर्णय घेताना दिसतं.

वेळ ठरवताना यष्टीचं वेळापत्रक समोर ठेवा. तासगाव, पलूस, कोरेगावकडून येणाऱ्या मुलाची मुक्कामाची गाडी चुकली तर पुढच्या आठवड्यापासून घरचे पाठवणार नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, दोन तास पुष्कळ झाले: २० मिनिटं ट्रेनिंग ग्राउंड (गेममधलंच सरावाचं मैदान), दोन मॅचचा साधारण एक तास, उरलेली ४० मिनिटं रिव्ह्यू, म्हणजे रेकॉर्डिंग बघून चर्चा. सत्र परीक्षेच्या आधी दोन आठवडे सराव पूर्ण बंद.

खरं कोचिंग त्या ४० मिनिटांत होतं. समजा टीम एरँगल या नकाशावर दक्षिणेच्या बेटावरच्या मिलिटरी बेसला उतरली, लूट (शस्त्रं, सामान) भरपूर मिळाली आणि झोन, म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, उत्तरेला गेला. बेटावरून गाडीने निघायचं तर पूल दोनच. टीम पोहोचेपर्यंत दुसऱ्यांनी पुलाच्या टोकाला गाड्या आडव्या लावलेल्या, चौघंही तिथेच संपले. पोरं म्हणणार, ‘एम (नेम) बसला नाही.’ रेकॉर्डिंग पुलापाशी लावू नका. झोन दिसला त्या क्षणापर्यंत मागे जा आणि तिथून गाडी सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजा. ९० सेकंद निघाले, तर त्या वेळात कोण काय बोललं ते वहीत उतरवा. ‘झोन लांब पडलाय.’ ‘थांब रे, स्कोप बघतोय.’ आयजीएल (इन-गेम लीडर, खेळताना टीमचे निर्णय घेणारा) गप्प. म्हणजे माहिती वेळेवर आली होती, निर्णयच कुणी घेतला नाही. मग पुढच्या सरावाला एकच काम द्या: झोन दिसल्यावर १५ सेकंदांत आयजीएलने दिशा आणि गाडी सांगायची, बाकीच्यांनी फक्त ‘ओके’ म्हणायचं. एका रिव्ह्यूत एकच दुरुस्ती. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

रेकॉर्डिंगची एक अडचण आधीच माहीत असू द्या. गेम माइक वापरत असला की स्क्रीन रेकॉर्डरमध्ये मुलांचा आवाज बऱ्याचदा येत नाही. एका फोनवर स्क्रीन रेकॉर्ड करा, आवाजासाठी दुसरा फोन टेबलावर ठेवा. दोन्ही सुरू करून गेममध्ये एक गोळी झाडा आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला टाळी वाजवायला सांगा, जुळवायला ती खूण पुरते. चौघांच्याही फोनवर रेकॉर्डिंग लावू नका. फोन तापतो, फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. चार्जिंगला लावून खेळल्यावरही तेच होतं. पावसाळ्यात लाईट जाणारच, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा आणि किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं सिम ठेवा.

गुणांचं गणित मुलांना तोंडपाठ हवं. पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला १-१. प्रत्येक किलला १. लपून आठवं येणाऱ्या टीमला एक गुण मिळतो, तर पाच किल घेऊन नवव्या क्रमांकावर संपलेल्या टीमला पाच.

हरल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. पाणी द्या, डोळ्यांना विश्रांती द्या, मग आधी मुलांनाच विचारा काय झालं. निव्वळ कोचिंगवर पगार मिळण्याच्या जागा फारच थोड्या आहेत, हे त्यांना आणि स्वतःलाही स्पष्ट सांगा. वर्ष संपायच्या आत दुसऱ्या वर्षातल्या एखाद्याला रिव्ह्यू घ्यायला बसवा आणि वही त्याच्याकडे द्या. तिसऱ्या वर्षाची मुलं जूनमध्ये निघून जातात. वही कॉलेजात राहिली तर नवी टीम पुलापासून पुन्हा सुरू करत नाही.