राजकन्येची गोष्ट स्वतः रचायचीय? मग आधी तो 'पण' खोडा

भाची पाच वर्षांची असताना तिने झोपायच्या वेळी मला विचारलं, मावशी सगळ्या राजकन्यांचे केस सरळच का असतात गं, कोणाचेच माझ्यासारखे कुरळे कसे नाहीत. मी म्हटलं अगं ही कुरळ्या केसांचीच होती, आणि गोष्ट होती तशीच पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न तयार, "मग ती विंचरताना रडते का?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण मी फक्त केस बदलले होते, राजकन्या तीच जुनी होती, मनोऱ्यात बसून वाट बघणारी. तेव्हापासून बऱ्याच गोष्टी रचल्या, निम्म्या फसल्या, त्यातून जे कळलं ते लिहितेय. घरी मुलांना गोष्ट सांगणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि ज्यांना छोटं पुस्तक करायचंय त्यांनाही.

आधी एक भीती काढून टाकू, की जुन्या परीकथा बदलल्या तर काहीतरी पाप लागतं. अहो त्या कायम बदलतच आल्यात. बेडकाच्या गोष्टीत राजकन्या बेडकाचा पापा घेते असं आपण ऐकलंय, पण ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात ती चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि मग त्याचा राजपुत्र होतो. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई त्या पुस्तकात तिची सख्खी आई आहे, १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. १८५७ पर्यंत त्यांनी सात आवृत्त्या काढल्या आणि दर वेळी काही ना काही फिरवलं. म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीत सावत्र आईला दुष्ट ठरवणं हा कुणीतरी बसून घेतलेला निर्णय होता, आणि जो निर्णय एकाने घेतला तो दुसऱ्याला फिरवता येतो की.

दुसरी गंमत म्हणजे राजकन्या गोरी, निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची असते हे कुठून आलं. सिंड्रेलाचंच घ्या, काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी शार्ल पेरोने १६९७ मध्ये लिहिली, पण चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या ये शियानच्या गोष्टीत सावत्र आई आहे, हरवलेला सोन्याचा बूट आहे आणि परीच्या जागी चक्क एका माशाची हाडं आहेत. १८९३ मध्ये मेरियन कॉक्स नावाच्या बाईंनी या एका गोष्टीची ३४५ रूपं गोळा करून छापली. तेव्हा वेगळी दिसणारी राजकन्या ही काही आजची फॅशन नाही, ती होतीच, आपल्यापर्यंत पोचली नाही एवढंच.

आता कामाचं. मराठीत राजकन्येचं वर्णन करताना सगळा घोळ तीन शब्दांत असतो, 'पण', 'तरी' आणि 'असूनही'. सावळी पण सुंदर. रंगाने डावी असली तरी नाकीडोळी नीटस. पायाने अधू असूनही हुशार. आपण हे इतक्या सहज बोलतो की ऐकूच येत नाही, पोराला मात्र बरोबर ऐकू येतं, की सावळं असणं ही काहीतरी खोट आहे आणि ती भरून काढावी लागते. पहिला ड्राफ्ट झाला की पेन घेऊन हे तीन शब्द शोधा आणि खोडा. "सावळी होती, हसरी होती, आणि झाडावर चढण्यात तिचा हात कुणी धरत नसे." झालं, 'पण' काढून 'आणि' घातला की निम्मं काम होतं. रंग सांगायचा तर सगळ्यांचा सांगा, नाहीतर कुणाचाच नको, एकटीचाच सांगितला तर बाकीचे आपोआप गोरे धरले जातात. आणि ती चॉकलेटसारखी, कॉफीसारखी असली खाण्याची उपमा कृपया नको, माणूस आहे तो.

हेच व्हिलनच्या बाबतीत उलट्या बाजूने. चेटकीण काळी, कुबडी, मोठ्या नाकाची, राक्षस लंगडा नाहीतर एका डोळ्याचा. कुरूप म्हणजे दुष्ट हे समीकरण पोरांच्या डोक्यात अशा गोष्टींतूनच बसतं. माझ्या एका गोष्टीत चेटकीण अतिशय नीटनेटकी, गोड आवाजाची होती आणि लोकांची नावं चोरायची, पोरं तिला जास्त घाबरली. दुष्टपणा कृतीत दाखवा, चेहरा कसाही असू दे.

राजकन्येत वेगळेपण म्हणून काय घालायचं ते ठरवताना मी आता एकच प्रश्न विचारते, या वेगळेपणामुळे तिचा दिवस कसा जातो. कुरळे केस आहेत तर विंचरताना ओढ बसते, पावसात ते फुगतात, त्यात काटकी अडकली तर दिवसभर कळत नाही. व्हीलचेअर आहे तर राजवाड्यात उतरण आहे की पायऱ्या, चिखलात चाक रुतल्यावर ती काय करते. ऐकू येत नाही तर अंधारात बोलणार कसं, कारण हातांच्या खुणा दिसायला उजेड लागतो. हे कळलं की गोष्टीचा प्लॉट आपोआप सुटायला लागतो. नाही कळलं तर ज्याला माहितीय अशा माणसाला विचारा आणि दाखवा, अंदाजपंचे लिहू नका.

परक्या देशातली राजकन्या घेणार असाल तर तिथेही हेच. "आफ्रिकेतली एक राजकन्या" असं लिहिलं की मला "आशियातली एक राजकन्या" आठवते, अहो आफ्रिकेत ५४ देश आहेत, कुठली ते तरी ठरवा, नाव तिथल्या भाषेतलं घ्या, आणि किमोनो चीनच्या राजकन्येला घालू नका, तो जपानचा. थोडं वाचलं तर असं काही हाताला लागतं की कल्पना लढवायचीही गरज पडत नाही. तेराव्या शतकातली मंगोल राजकन्या खुतुलून बघा, मार्को पोलोने तिच्याबद्दल लिहून ठेवलंय, जो कुस्तीत हरवेल त्याच्याशीच लग्न करीन, आणि हरलात तर घोडे द्यायचे, म्हणतात की अशाने तिच्याकडे घोड्यांचे कळपच्या कळप जमले. लांब कशाला, महाभारतातली सावित्री राजकन्याच होती, नवरा स्वतः निवडलेला आणि यमाला बोलण्यात गुंडाळणारी. आपण तिची हुशारी बाजूला ठेवून नुसती पतिभक्ती सांगत बसतो ते सोडा.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, फसलेली आणि मग सुधारलेली. राजकन्या जुई अडखळत बोलायची. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती जंगलात जाते, एका म्हाताऱ्या बाईला मदत करते, ती बाई परी निघते, परी जुईच्या जिभेवर सोनेरी थेंब टाकते आणि जुई घडाघडा बोलायला लागते. मला फार आवडलं होतं हे. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आधी ती बिघडलेली होती?" संपलं, फाडून टाकलं.

दुसऱ्या वेळी असं केलं. दरीत एक राक्षस आहे, येणाऱ्याजाणाऱ्यावर दगड फेकतो. सरदार गेला, सेनापती गेला, राक्षसाने तोंड उघडलं की हे आपले ओरडणार "कळलं कळलं, तुला सोनं हवंय", "कळलं कळलं, तुला लढाई हवीय", की आला दगड. मग जुई जाते. राक्षस म्हणतो, "मा... माझ्या..." आणि थांबतो. जुईला हे थांबणं ओळखीचं आहे. आपलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की पोटात कसं होतं ते तिला चांगलं माहितीय. पण नगराचा दरवाजा सूर्य बुडला की बंद होतो आणि सूर्य टेकडीला टेकलाय, आता निघाली नाही तर रात्र बाहेर काढायची. ती दगडावर बसते, वाट बघते. अंधार पडता पडता वाक्य पुरं होतं, "माझ्या डाव्या पायात काटा आहे." काटा निघतो, राक्षस तिला खांद्यावर बसवून सकाळी वेशीपर्यंत सोडतो, जुई बाबांना सगळं अडखळतच सांगते आणि दरबार पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकतो. शेवटपर्यंत तिचं बोलणं तसंच राहिलं, आणि तेच कामाला आलं.

यात संयमाबद्दल एक शब्द नाही बघा. पण तो दरवाजा नसता तर गोष्ट मेली असती. कारण चांगलं वागायला काही किंमतच पडत नसेल तर ते चांगलं वागणं कुणाच्या लक्षात राहत नाही. खरं बोलायचंय तर खरं बोलून तिचं काहीतरी जायला हवं, वाटून घ्यायचंय तर तिला स्वतःला भूक लागलेली हवी. मला विचाराल तर गोष्टीत 'मूल्य' घालायची हीच एक जागा आहे, जिथे राजकन्या थांबून ठरवते आणि तिला माहीत असतं की हे महागात पडणार. "म्हणून मुलांनो आपण नेहमी" असं वाक्य शेवटी आलं की समजा तुमचा तुमच्याच गोष्टीवर विश्वास नाही. आणि एका गोष्टीत एकच मूल्य, प्रामाणिकपणा धाडस दया पर्यावरण सगळं एकाच पिशवीत कोंबलं की ते सरकारी भित्तिपत्रक होतं.

सांगाड्याचं फार टेन्शन घेऊ नका. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये परीकथांचे ३१ टप्पे मांडले, घरी सांगायला चार पुरतात, काहीतरी उणं पडतं, ती घर सोडते, परीक्षा होते, ती परत येते पण आधीसारखी राहत नाही. तीनदा प्रयत्न हे जुनं सूत्र वापराच, पहिले दोन फसतात तिसरा जमतो, कारण दुसऱ्यांदा तेच ऐकताना पोराला पुढचं ओळखता येतं आणि त्यातच त्याला मजा येते. तीन-चार वर्षांच्या मुलांना एकच अडचण आणि एक पालुपद, वरच्या गोष्टीत "कळलं कळलं" ते पोरंच ओरडतात. सहा-सातच्या पुढे व्हिलनला कारण द्या. मोठ्याने सांगताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे सहाशे शब्दांची गोष्ट पाच मिनिटं, लहानांना तेवढी बास. सुरुवात "आटपाट नगर होतं" अशीच करा, इतकं भारी वाक्य फुकट मिळतंय ते का सोडायचं, त्यात नगर कुठलं ते सांगावंच लागत नाही. फक्त राजाला दोन राण्या, एक आवडती एक नावडती, तिथे जरा थांबा आणि हे आज या पोराला सांगायचंय का ते ठरवा.

राजपुत्राचं काय? ठेवा की, पण त्याला बक्षीस म्हणूनही ठेवू नका आणि बावळट म्हणूनही नको. मुलगी शूर दाखवायची म्हणून सगळे मुलगे मूर्ख करायचे हा शॉर्टकट मीही मारलाय, शेजारचा मुलगा दुसऱ्या रात्री गोष्ट ऐकायला आलाच नाही. आता माझा राजपुत्र रडतो, वाट विचारतो, स्वयंपाक करतो, कधीकधी तोच मनोऱ्यात अडकतो. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये लिहिलं होतं की मुलांसाठी पुस्तक आरसाही असतं आणि खिडकीही, एकाला स्वतःचा चेहरा दिसतो, दुसऱ्याला दुसऱ्याचं जग. जुईची गोष्ट घडाघडा बोलणाऱ्या पोरांना सांगणं म्हणूनच जास्त गरजेचं आहे, वाक्य तोडणारे तेच असतात ना.

शेवट लग्नाने करायलाच हवा असं नाही, लग्न वाईट असंही नाही. परत येणं, मैत्री होणं, नकाशा पुरा होणं, दरवाज्याचा नियम बदलणं, हे सगळे चालणारे शेवट आहेत. जुईच्या गोष्टीत मी दरवाजा सूर्यास्तानंतरही तासभर उघडा ठेवायचा हुकूम टाकला, तो पोरांना राक्षसापेक्षा जास्त आवडला. मग "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणायचं आणि दिवा घालवायचा.

गोष्ट नीट झालीय का हे बघायला मोठ्याने सांगा आणि पोराच्या हातापायांकडे बघा, जिथे चादरीचा धागा ओढायला लागलं तिथे तुमचं भाषण सुरू झालेलं असतं, तेवढं कापा. मधेच थांबून "आता ती काय करेल" विचारा, उत्तर तुमच्यापेक्षा चांगलं आलं तर निमूटपणे तेच घ्या. आणि सांगून झाली की वहीत उतरवून ठेवा, कारण पुढच्या वेळी तुम्ही विसरता, पोरं विसरत नाहीत. माझ्या वहीत 'डावा पाय' खाली दोन रेघा मारून ठेवलाय, एकदा चुकून उजवा म्हटलं तर गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली होती.