रिपोर्टमधले साधे शब्द कसे वाचायचे
रिपोर्ट हातात आला की 'पॉझिटिव्ह' बघून लगेच खूश व्हायचं नाही, कारण तिथे त्याचा अर्थ एवढाच की जे शोधत होते ते सापडलं, आता ते चांगलं की वाईट हे टेस्ट कशाची होती त्यावर, प्रेग्नन्सीची असेल तर गोड बातमी आणि मलेरियाची असेल तर औषधं सुरू. 'अक्यूट' म्हणजे भयंकर नाही हो, अचानक सुरू झालेलं, साधी सर्दीपण अक्यूटच. 'क्रॉनिक' म्हणजे बरेच दिवस चाललेलं. 'अनरिमार्केबल' लिहिलंय? मस्त! काही वावगं दिसलं नाही (एरवी कुणी आपल्याला असं, म्हणजे 'काही खास नाही', म्हटलं तर रागच येईल). आणि 'कम्प्लेंट' म्हणजे तुम्ही कटकट केली असं नाही, तुम्ही सांगितलेला त्रास. अडलं तर डॉक्टरांना सरळ विचारायचं, म्हणजे नक्की काय?