जानेवारीतला मटार जूनमध्येही हिरवा राहावा म्हणून

जानेवारीत मटार स्वस्त झाला की आमच्याकडे पाच किलो शेंगा येतात. सगळे मिळून टीव्हीसमोर सोलतात आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये कोंबतात. पुढचंही बरीच वर्षं ठरलेलं होतं: एप्रिलपर्यंत दाणे पिवळट आणि सुरकुतलेले, पुलावाला फ्रिजचा वास. शिव्या मटारवाल्याला. खरं तर आम्ही फ्रीजरला कपाट समजत होतो.

आधी बर्फ काढा

मटार आणायच्या आदल्या दिवशी फ्रीजर रिकामा करा. एका दाराच्या फ्रिजमध्ये भिंतींवर बर्फ साचतो. त्याचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की तो रजईसारखं काम करतो. थंडी आत पोचत नाही, कॉम्प्रेसर चालत राहतो आणि बिल वाढतं. नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा. घाई असेल तर फ्रिज बंद करून आत जाड फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि दार लावा. अर्ध्या तासात बर्फाच्या लाद्या हाताने सुटू लागतात. चिलर ट्रेमध्ये पाणी साचेल, ते वेळेवर ओता.

सुरी, उलथनं, पेचकस यातलं काहीही वापरू नका. मी एकदा उलथन्याने बर्फ उकरला. बारीकसा 'फुस्स' आवाज आला आणि फ्रिज कायमचा गार व्हायचा थांबला. त्या भिंती म्हणजे पातळ पत्रा असतो आणि त्याच्या पोटातूनच गॅस फिरतो. मेकॅनिकने खर्च सांगितला, तेव्हा नवा फ्रिज घेणंच परवडलं. आता बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, त्यामुळे नुकसान पैशांवरच थांबेल असंही नाही.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ही कटकट नाही. तिथे हीटर अधूनमधून आपोआप बर्फ वितळवतो आणि पंखा थंड हवा फिरवतो. फक्त हवेची जाळी पिशव्यांनी बुजवू नका. त्यातही बर्फाचे डोंगर दिसू लागले, तर पहिला संशय दाराच्या रबरावर घ्या. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. कधी कधी ते नुसतं चिकट झालेलं असतं, सोड्याच्या कोमट पाण्याने पुसलं की पुन्हा धरतं.

थंडी पुरेशी आहे का?

बर्फ होतो म्हणजे फ्रीजर ठीक, असं नसतं. पाणी शून्य अंशाला गोठतं, पण महिनोन्‌महिने साठवायला उणे १८ अंश सेल्सियस लागतात. वीस-तीस मिनिटं थांबून वाचता येईल असा फ्रीजरचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. नसेल तर आइस्क्रीम विचारा. चमचा सहज रुतला, तर तुमचा फ्रीजर कमी थंड आहे. जुन्या एकदारी फ्रिजचं बहुधा असंच असतं. मग सहा महिन्यांच्या गोष्टी विसरा, दीड-दोन महिन्यांत संपेल इतकंच भरा.

आता मटार

थंडीत जंतू वाढायचे थांबतात, मरत नाहीत. आणि दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, तर गोठल्यावरही सावकाश काम करत राहतात. रंग आणि चव तीच घालवतात. म्हणून भरपूर पाणी खळखळ उकळा, दाणे टाका, दीड ते दोन मिनिटांत उपसा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. साखर घालावी की मीठ, यावर घरोघरी वाद आहेत. माझ्या मते रंग राखतं ते घड्याळ. पाच मिनिटं उकळलेला मटार साखरेनेही वाचत नाही.

मग निथळून सुती पंचावर पसरा आणि अगदी कोरडे होऊ द्या. ताटलीत एक थर करून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे खड्यांसारखे सुटे झाले की पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि पिशवी चपटी करा. पिशवीत हवा राहिली की आतला बर्फ वाफ होऊन उडतो आणि दाणे सुरकुततात. चपटं पाकीट लवकर गोठतं, त्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि दाणा पिचत नाही. सगळा मटार एका दिवसात घालू नका. कोमट ढिगाने शेजारचं सामानही नरम पडतं.

खवलेला नारळ आणि आमरस उकळावे लागत नाहीत. एका वेळेपुरती पाकिटं करा, बस. आमरसात दूध मात्र आधी घालू नका. उकडलेला बटाटा, दही आणि काकडी फ्रीजरमध्ये बिघडतात. काचेची बाटली काठोकाठ भरून ठेवाल तर फुटेल, कारण गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं.

मासेमारी बंद व्हायच्या आधी मासे भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बांगडा, तारली हे तेलकट मासे उणे १८ अंशांतही दोन-तीन महिन्यांत खवट होतात. साफ करून, कोरडे पुसून, एका कालवणापुरत्या पिशव्या करा आणि तारीख लिहा. तारीख कागदी चिकटपट्टीवर, पिशवी गोठण्याआधी लिहायची. गोठलेल्या पिशवीवर काही चिकटत नाही.

लाइट गेली तर

दार उघडून बघू नका. स्वतंत्र, गच्च भरलेला फ्रीजर बंद दारामागे दोन दिवसांच्या आसपास थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस. फ्रिजच्या वरचा लहान कप्पा त्याहून लवकर दमतो. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग मासे-मटण सरळ टाकून द्या, वास घेत बसू नका.

वितळवताना मासे-मटण ओट्यावर सोडायचं नाही. बाहेरून कोमट आणि आतून दगड, अशा अवस्थेत जंतूंचं फावतं. आदल्या रात्री ते खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा. मटाराला मात्र हे लाड नकोत. पिशवीतून थेट फोडणीत टाका आणि झाकण ठेवा. तो आधीच अर्धा शिजलेला असल्याने तीन-चार मिनिटांत होतो.