आधी पाचर, मग जॅक: छोट्या ट्रॅक्टरचं मागचं चाक उतरवताना

रताळी काढणीच्या दिवसांत आमच्याकडे, म्हणजे बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या बाजूच्या पट्ट्यात, पंक्चर ठरलेलं. बांधावर कुणीतरी बाभळ तोडून टाकलेली असते आणि ट्रॅक्टर नेमका तिच्यावरून वळतो. पंक्चरवाला म्हणतो, चाक घेऊन या. आता चाक उतरवायचं कुणी? आपणच.

माझा ट्रॅक्टर २४ एचपीचा, लहानखुरा. लहान असल्यामुळंच तो फसवतो. मोठा ट्रॅक्टर उचलताना माणूस आपोआप घाबरून राहतो, याला मात्र मोटरसायकलसारखं वागवतो. मी शेतीत येण्याआधी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर होतो, जॅक आणि पाना रोजचे. त्या घमेंडीत पहिल्याच वर्षी घरामागच्या उतारावर, नुसता गिअर टाकून, जांभ्याच्या चिऱ्यावर जॅक ठेवून मागचं डावं चाक उचललं. घट्ट नट सुटेना म्हणून पान्यावर पाय दिला, तसा अख्खा ट्रॅक्टर बाजूला डुलला, चिरा दुभंगला आणि एक्सल धपकन खाली आला. चाक अजून नटांवर होतं म्हणून पाऊल वाचलं. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "काय करूलास रे?" नंतर चुका मोजायला बसलो तर एका हाताची बोटं पुरली नाहीत.

उतार ही पहिली. सपाट, कडक जागा पाहिजे. खळं किंवा सिमेंटचं अंगण उत्तम. मागं अवजार असेल तर सोडून ठेवा, निदान जमिनीला टेकवा. अवजार उचलणारी लिफ्ट वर ठेवून इंजिन बंद केलं तर ती हळूहळू खाली बसते, आणि आपण नेमके तिथंच वाकलेले असतो. किल्ली काढून खिशात घाला. घरात पोरं असतील तर नक्कीच.

गिअरवर भिस्त ठेवू नका. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळं (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं चाक गिअर असूनही गडगडू शकतं. फोर-व्हील असेल तर त्याचा लिव्हर लावून ठेवा, तेवढाच आधार. खरा भरवसा ब्रेकचा, पण त्यातही एक खोच आहे. आपले ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात आणि पेडल दोन असतात, डावं आणि उजवं. शेतात वळण घ्यायला आपण ती सुटी करतो आणि तशीच विसरतो. मग पार्किंग लॉक एकाच बाजूला लागतो. ती बाजू नेमकी उचललेली निघाली तर ट्रॅक्टरला धरणारं कुणीच नाही. म्हणून आधी दोन्ही पेडल एकत्र अडकवा, मग लॉक लावा. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, लावा. हाताला लागला तो दगड नको, लाकडाची तिरकी कापलेली उटी करून ठेवा.

आता पाचर. हे मला खूप उशिरा कळलं, तेही उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं पुढच्या एक्सलला लाथ मारून दाखवलं तेव्हा. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर पाळण्यासारखा डुलतो. सरीत एक चाक खाली, एक वर गेलं तरी ट्रॅक्टर सरळ राहावा म्हणून ती सोय. म्हणजे दिसायला चार चाकं, पण उभं राहण्याच्या हिशेबानं ट्रॅक्टर तिवई आहे: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. तिवईचा एक पाय उचलून त्याखाली बारीक जॅक दिला, आणि वर पान्यावर जोर लावला, तर ती कलंडणारच. उपाय दहा मिनिटांचा. पुढचा एक्सल आणि त्याच्यावरची चौकट यांच्यामध्ये डावीकडं आणि उजवीकडं फट असते. दोन्ही फटींत कडक लाकडाची पाचर हातोडीनं ठोकून बसवा, म्हणजे डुलणं बंद. मी मत्तीच्या लाकडाच्या केल्यात. तुमच्याकडं त्याला ऐन म्हणत असतील. एकाच बाजूला पाचर मारून भागत नाही.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करा, काढू मात्र नका. पान्यावर जोर द्यायचा तो इथं. चाक हवेत गेल्यावर ट्रॅक्टरला हिसका देणारं काहीच करायचं नाही.

जॅक पाच टनी बॉटल जॅक घ्या. आपल्या ट्रॅक्टरला एवढी ताकद लागत नाही, पण बूड रुंद मिळतं. त्याखाली जाड फळी हवी. चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक यांवर ठेवू नका. ते सांगून फुटत नाहीत. जॅक लावायचा मागच्या एक्सलच्या घराखाली, म्हणजे एक्सलवरच्या लोखंडी आवरणाखाली, चाकाच्या जवळ. इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली नाही, पीटीओखाली (अवजार फिरवणारा मागचा दांडा) नाही, ड्रॉबारखालीही (ट्रॉली जोडायची पट्टी) नाही. घराचा आकार गोल असेल तर लोखंडावर लोखंड सरकतं. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून जॅकच्या डोक्यावर बसणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा तुकडा करून घेतला, त्यात एक्सल चपखल बसतो. माझा जोडीदार कन्नडिग, तो बाजूला उभा राहून "निधान, निधान", म्हणजे सावकाश, म्हणत असतो आणि पुरे झालं की "साकु". असा एक माणूस समोर असावाच, कारण दांडा मारणाऱ्याचं डोकं खाली असतं. पंक्चर चाक बसलेलं असतं, हवा भरलेलं चाक उंच असतं. म्हणून टायर सुटण्यापेक्षा चार बोटं जास्त उचला.

उचललं की लगेच एक्सलखाली लोखंडी घोडी, म्हणजे वजन पेलणारा स्टँड, लावा आणि जॅक हळूच सोडून वजन घोडीवर घ्या. ट्रॅक्टर हातानं थोडा हलवून बघा. हलला तर परत खाली घ्या. जॅकचं काम उचलण्याचं, धरून ठेवण्याचं नाही. आतलं सील गेलं तर तो बसायला वेळ लागत नाही. आणि घोडी असली तरी अंग ट्रॅक्टरखाली घालू नका.

चाक काढताना आधी आठवा, टायरात पाणी भरलंय का. चिखलणीला पकड यावी म्हणून आपल्याकडं भरतात, आणि जितके लिटर तितके किलो वाढतात. असं चाक दोघांनी धरावं, उभं गडगडवत न्यावं, एकट्यानं कवटाळू नये. बसवताना खाली पहार घालून उचकटत भोकं जुळवा. भोकात बोट घालून बघू नका, एवढंच सांगतो. मागचं चाक वरून पाहिलं तर टायरवरच्या व्हीचं टोक पुढं असलं पाहिजे, नाहीतर चिखलात नुसतं गरगरेल. पंक्चर स्वतः काढत असाल तर टायर रिमवरून सोडवण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण जाऊ द्या. टायर रिमला बसवायला हवेचा दाब ३५ पीएसआयच्या वर नेऊ नका, आणि भरताना टायरच्या समोर उभं राहू नका.

पुढच्या चाकाला त्रास कमी. मागची दोन्ही चाकं आणि ब्रेक जमिनीवरच असतात. जॅक एक्सलखाली चाकाजवळ, टायरॉडला (पुढची चाकं वळवणारा दांडा) लागू न देता. उटी, पाचर, घोडी इथंही हवीच.

भर शेतात पंक्चर झालं तर? जमीन वाळलेली असेल तर मी जास्त उचलतच नाही. थोडं उचलून एक्सलखाली रुंद फळीवर घोडी देतो आणि टायरखालची माती खोऱ्यानं काढतो, चाक सुटतं. चिखल असेल तर हा नाद नको. सावकाश कडक जमिनीवर आणा. ट्यूब जाईल, पण ट्यूब बाजारात मिळते.

बसवल्यावर नट समोरासमोरचे एकाआड एक आवळा, खाली उतरवून पुन्हा आवळा, आणि तासभर काम झाल्यावर एकदा परत. पुढच्या पाचरी काढायला मी एकदा विसरलो होतो. एक्सल जाम, आणि पहिल्याच बांधावर ट्रॅक्टर असा तिरका झाला की पोटात गोळा आला. तेव्हापासून दोन्ही पाचरींना लाल रंग आहे आणि त्यांची सुतळी स्टिअरिंगला बांधलेली असते. ती सोडल्याशिवाय बसताच येत नाही.