सनस्क्रीनमधल्या फिल्टरचा कल अभ्यासताना

सनस्क्रीनमध्ये कोणता फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारा घटक, किती वापरला जातो हे मी लेबलांवरून मोजत होते. प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात माझ्या तक्त्यात अव्होबेन्झोन आणि ब्यूटिल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन अशा दोन वेगळ्या ओळी होत्या. पहिलं नाव अमेरिकी लेबलांवरून आलेलं, दुसरं युरोपीय. दोन्ही एकच रसायन आहे हे कळलं तेव्हा सगळी मोजणी नव्याने करावी लागली. म्हणून आधी नावांची वही करा. ऑक्सिबेन्झोन म्हणजेच बेन्झोफिनोन-३, ऑक्टिनॉक्सेट म्हणजेच एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट. बेमोट्रिझिनॉलचं लेबलवरचं नाव तर अख्खी ओळ खातं.

अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, त्यामुळे प्रत्येक फिल्टरची टक्केवारी छापलेली असते. युरोपात ते सौंदर्यप्रसाधन. तिथे फक्त घटकांची यादी मिळते. दोन्हींची आकडेवारी एका आलेखात कोंबू नका.

फिल्टर सुटा मोजून फारसं काही हाती लागत नाही, हे मला उशिरा उमगलं. अव्होबेन्झोन यूव्हीए (त्वचेत खोलवर जाणारे अतिनील) किरण उत्तम शोषतं, पण उन्हात स्वतःच विघटित होतं. सोबत ऑक्टिनॉक्सेट असेल तर आणखी लवकर. ऑक्टोक्रिलीन त्याला सावरतं, म्हणून ही जोडी लेबलांवर सारखी भेटते. पुढे 2021 मध्ये, साठवणीत ऑक्टोक्रिलीनपासून बेन्झोफिनोन (कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन) तयार होतं असं संशोधन प्रसिद्ध झालं. आता ऑक्टोक्रिलीन वगळलेलं दिसलं, की अव्होबेन्झोनला आधार कुणाचा, हे मी लगेच शोधते. बऱ्याचदा तिथे बेमोट्रिझिनॉल सापडतं. जोड्यांचा वेगळा तक्ता केला तेव्हा कुठे मला चित्र दिसू लागलं.

एखादा फिल्टर दिसत नाही म्हणजे कंपन्यांना तो नको आहे, असं समजू नका. बेमोट्रिझिनॉल युरोपात कित्येक वर्षं वापरात असताना अमेरिकेत त्याला परवानगीच नव्हती. अमेरिकेच्या हवाई राज्यात 2018 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची डॉक्टरच्या चिठ्ठीविना विक्री थांबली. कारण प्रवाळांची काळजी. युरोपीय संघाने 2022 मध्ये ऑक्सिबेन्झोनची मर्यादा चेहऱ्याच्या उत्पादनांत 6 टक्के आणि अंगाला लावायच्या क्रीममध्ये 2.2 टक्के केली. अशा तारखा आलेखावर उभ्या रेषेने दाखवा, नाहीतर घसरणीचं कारण भलतीकडेच शोधत बसाल.

आणि लेबलचा फोटो काढाल तेव्हा फाइलच्या नावात देश आणि महिना लिहा. वरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन ट्यूबांमागची घटकयादी वेगळी असू शकते.